सहभागी क्रमांक चोवीस

मन शिकायला म्हणून आले मी ट्रॉम्सोच्या विद्यापीठात,
पहिल्या सत्रात हाती पडलं प्रमाण विचलन.
दुसऱ्यात मेंढीचा मेंदू,
स्टीलच्या ताटलीत, मुठीत मावेल एवढा.
फॉर्मॅलिनचा वास केसांतून दोन दिवस जाईना.
एविंदनं विचारलं, "यात भीती कुठे असते?"
ओदवेगबाईंनी चिमट्याच्या टोकानं दाखवली,
बदामाएवढी.
"आणि ती जाते कुठून?"
"ते पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या.

बंदरावरचा यालमार दर शनिवारी
कॉड तोलता तोलता विचारतो,
"सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?"
मी म्हणते, तुमचा अंगठा काट्यावर आहे.
तो हसून अंगठा काढतो.
तीन वर्षांत एवढंच मनोवाचन जमलंय.

शेवटच्या वर्षी ज्याचा त्याचा प्रयोग.
माझा साधा, जुना, हमखास लागू पडणारा.
शब्दांची एक यादी वाचायची, सावकाश, एका सुरात:
गादी, उशी, रात्र, जांभई, घोरणं,
पांघरूण, स्वप्न, डुलकी, अंगाई, पहाट...
आणि हे सगळे ज्याच्याभोवती फेर धरतात
तो शब्द मात्र यादीत घालायचाच नाही.
मग विचारायचं, काय काय ऐकलंत?

तेवीस जणांनी सांगितलं: झोप.
अगदी छातीठोकपणे. एकीला तर
तो शब्द उच्चारतानाचा माझा आवाजही आठवत होता.

चोविसावं कुणी मिळेना.
नोव्हेंबर संपत आलेला,
डोंगरामागे गेलेला सूर्य आता जानेवारीतच दिसायचा.
बाबा आले,
रात्रभर शहराच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकलून,
सकाळी आठला, म्हणजे अंधारातच.
संमतीपत्र त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं,
घराच्या कर्जाचे कागद वाचले होते तसं.
नावाच्या जागी मी आकडा लिहिला.
म्हटलं, "तुम्ही कधीही थांबू शकता, कारण न देता."
"हे घरी कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

यादी संपली.
पहिला शब्द त्यांनी सांगितला: घोरणं.
मग बराच वेळ काही नाही.
मग बोटं मोजत उशी, पहाट, गादी.
सगळ्यांना विचारते तसं, चेहरा कोरा ठेवून
मी विचारलं, "झोप होती का यादीत?"
त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.
"नाही," म्हणाले. "झोप नव्हती."
फ्रिजमध्ये दूध नाही म्हणावं, इतक्या सरळ.

भिंतीपलीकडून मला लहानपणी ऐकू यायचं
आईचं घोरणं,
आणि बाबांचं हळूच, "कुशीवर वळ गं."
एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील.

ओदवेगबाई म्हणाल्या, "हा आकडा वगळ.
वडील आहेत तुझे, नियमात बसत नाही."
बरोबरच होतं ते.
वगळल्यावर आलेख कसा देखणा दिसायला लागला!
तळटीपेत मी लिहिलं: एक सहभागी वगळला.
कारण एका शब्दात द्यायचं होतं,
तो शब्द सुचायला मला दुपार गेली.

रविवारी त्यांच्याकडे गेले.
परीक्षेचं वाचता वाचता सोफ्यावर माझाच डोळा लागला,
विस्मरणाच्या धड्यावर, तेही.
जाग आली तेव्हा अंगावर त्यांचं कामाचं जाकीट,
डिझेलचा वास, खिशात मोजे.
समोरच्या खुर्चीत बाबा, डोळे चोळत.
"घोरतेस तू," म्हणाले.
"किती वेळ?"
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे,
बाहेर मघासारखाच अंधार होता.
"काय माहीत," म्हणाले,
आणि कॉफी टाकायला उठले.