ओळंबा

हेल्दुरचं पत्र चार ओळींचं:
"मी किह्नू बेटाच्या बोटीचं वेळापत्रक मांडतो.
मुनालायडचा रकाना हातातून सोडला
की उजवीकडे सरकतो. तिळभरच.
पण चाळीस वर्षं मी दोर बांधलेत. मला दिसतं."

मला दिसत नव्हतं.
पडद्याला नाक लावलं, आठशे पट मोठं केलं,
चौकट उचलली, सोडली.
उचलली, सोडली.
अर्धा पिक्सेल.
डास बसून उडून जावा, एवढं.

सात वर्षांपूर्वी मी आणि आइवोनं
हे अवजार घडवायला घेतलं, तार्तूच्या एका तळघरात,
वरच्या लाँड्रीची वाफ भिंतींतून झिरपायची.
कोडची एक ओळही न लिहिता
माणसाला वेबपान हातानं मांडता यावं,
बटण उचलून ठेवावं, मेजावर चमचा ठेवतो तसं.
पैसे घ्यायचे नाहीत, कुलूप लावायचं नाही,
वाटेल त्यानं पोट उघडून आतली चाकं मोजावीत.
नाव ठेवलं 'लोद'.
आमच्या भाषेत लोद म्हणजे ओळंबा
आणि लोद म्हणजे गोष्टीही.
आइवो म्हणाला, दोन्ही लोंबकळतातच.

मग त्याला तालिनमध्ये पगार मिळाला, मुलगी झाली,
आणि कुलपं नसलेल्या घराच्या
सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

पहाटे सापडलं.
अपूर्णांक पूर्ण करणारी एक ओळ,
जिथे निम्मं निम्मंच राहायला हवं
तिथे त्याला वर ढकललेलं.
शेजारी आइवोची टीप: "नंतर बघू."
तारीख माझ्या वाढदिवसाची.
बहुतेक केक कापायला मीच त्याला उठवलं असेल.

एक शब्द बदलला. पाठवला. झोपले.

दुपारी एकशे बारा तक्रारी.
माँटेव्हिडिओतल्या बेकरीचे पाव किमतीवर चढले,
किसुमूच्या दवाखान्यात
'पुढचा रुग्ण' दोन ओळींत मोडला,
कुणी नुसतंच लिहिलं: काय केलंत?
कुणाचंच चुकलं नव्हतं.
सात वर्षं सगळ्यांनी, न बोलता, न विचारता,
आपापली चौकट अर्धा पिक्सेल डावीकडे
ओढून घेतली होती.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे मी घर सरळ केलं
आणि वासे फिरले.

आन्नेलिनमध्ये आमची इमारत आठ मजल्यांची,
कारखान्यात ओतलेल्या भिंती, क्रेननं रचलेल्या,
कुणीतरी शुक्रवारी घाईत रचलेल्या.
स्वयंपाकघराची चौकट बोटभर कललेली.
बाबांनी दार काढलं, रंधा मारला,
दारही तितकंच कललेलं केलं.
गेली तीस वर्षं ते आवाज न करता लागतं.
पाहुणे म्हणतात, दार वाकडं आहे.
आम्ही म्हणतो, हो का?

संध्याकाळी एमायेगीच्या काठानं चालत गेले, परत आले,
नदी गोठली होती, तिच्यावर कुत्र्याची पावलं.
मग बसून एक खटका लिहिला:
जुनी चित्रं जुन्या चुकीनं उघडतील,
नवी, सरळ.
म्हणजे आता चूकही सांभाळायची,
तिला तेलपाणी करायचं,
दर वर्षी तपासायचं, नीट चुकते आहे ना.

आइवोची टीप पुसली नाही.
तिच्याखाली लिहिलं: "बघितलं."
आणि तारीख.

हेल्दुरचं उत्तर नऊ दिवसांनी आलं.
"समुद्र गोठलाय, बोट बंद, हाताशी वेळ होता,
म्हणून पान पहिल्यापासून मांडलं.
रकाना जागेवर थांबतो.
सध्या त्यात लिहायला काही नाही.
अक्षरं थोडी मोठी होतील का?
माझ्यासाठी नाही. बायकोला दिसत नाहीत."