दस्तगीरचा बॅरल

मिरजेपासून विट्यापर्यंत
एकही पाटी सोडली नाही मी.
चुलीवरचं, कोळशावरचं, गावरान,
आणि कुपवाडच्या पुढं एक नवीनच :
'अस्सल धुरी मटण, ए.सी. हॉल.'
आत गेलो. मटण कुकरमधनं आलेलं,
मधोमध वाटीत एक निखारा, त्यावर तुपाचा थेंब,
वर झाकण. दोन मिनिटं. झाली धुरी.
पोरगं म्हणालं, "सर, फीडबॅक द्या ना."
मी बडीशेप खाल्ली.

याकूबभाई होता तोवर असं नव्हतं.
तासगाव रस्त्याला पत्र्याचं शेड,
चार बाकडी, पाटी नाहीच.
सकाळी सातला रान टांगायचा
(रान म्हणजे मांडी हो, शेत नव्हे)
आणि तीनच्या आत कुणी विचारलं तर
"अजून ते बोलंना," म्हणायचा.
तीनला मांस आपणहून हाड सोडायचं,
भावाभावांत भांडण न होता
वाटणी व्हावी तसं.
उशिरा येणाऱ्याला वास मिळायचा फक्त.
पुढं गुडघे गेले. तो लेकीकडं जतला गेला.
शेडच्या जागी आता टायरचं दुकान आहे.
तिथंही काळंच सगळं, पण खाता येत नाही.

शेवटी दस्तगीर शिकलगारकडं बॅरल नेला.
"कशाला कापायचा?"
"मटणाला."
त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला,
बॅरलकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"आतनं आधी चांगला जाळून घ्या,
नाहीतर वर्षभर ग्रीसचं मटण खाल."
बिजागरी फुकट लावून दिली.
अट एकच : चांगलं जमेल ते पहिलं रान त्याच्या ताटात.

लाकूड सावळजहून आलं.
मेव्हण्यानं थॉमसनची बाग काढून नवी जात लावली,
जुनी खोडं ट्रॉलीभर दारात टाकली.
हेमलता म्हणाली, "जन्मभर औषधं पिलेली झाडं ती,
लगेच पेटवू नका."
साल सोलून दोन पावसाळे छपराखाली ठेवली.
एवढा धीर मी नोकरीतसुद्धा धरला नव्हता.

पहिल्या रविवारी कोळसा झाला.
दुसऱ्या रविवारी बाहेरून कोळसा, आत रक्त.
तिसऱ्या रविवारी पाटणेबाईंनी
वाळत घातलेल्या साड्या एकेक करून उचलल्या,
बोलल्या काही नाहीत,
ते जास्त लागलं.
हेमलतानंच मग हळदीची पानं आणली,
"सांगलीत राहून हे सुचत नाही तुम्हाला?"
गुंडाळलं, दोऱ्यानं बांधलं.
खालचं भोक विटेनं अर्धं झाकायचं,
हेही तिचंच.

नऊ तास.
वारा फिरला की वीट फिरवायची,
झाकण उघडायची हौस झाली की
गेटपर्यंत चालून यायचं.
चारला दस्तगीर आला, घरचे सगळे बसले,
पाटणेबाईंचा नातू कुंपणावरून आला
आणि तीनदा वाढून घेतलं त्यानं.
दस्तगीरच्या ताटात हाड असं पडलं होतं
जसं पॉलिश करून ठेवलंय.
मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी घास घेतला.
काहीच नाही.
राख. ओला पुठ्ठा. नऊ तासांचा धूर
नाकात घर करून बसलेला,
त्याच्यापुढं त्या तुकड्याचं काय चालणार.
"छान झालंय," मी म्हणालो,
आणि दोन वेळा पाणी प्यालो.

रात्री डोक्यावरून आंघोळ.
शर्ट बाहेरच्या तारेवर.

पहाटे साडेपाचला
फ्रिजमधला डबा काढला,
ओट्याशी उभ्या उभ्याच
गार तुकडा, कालची ज्वारीची भाकरी.
आणि ते बोललं.
आधी हळदीचं पान, मग द्राक्षाचं खोड,
मग कुठूनतरी लांबून तासगाव रस्ता.
दिवा न लावता सगळं संपवलं मी.

तेव्हा आठवलं, याकूबभाई तीन वाजता
कोपऱ्यात बसून डाळभात खायचा.
मला वाटायचं, चिकट आहे माणूस.

पावणेसहाला जतला फोन लावला.
उचलला त्यानं.
"याकूबभाई, तुम्ही कधी खायचात तुमच्या हातचं?"
खोकला आला बराच वेळ, मग आवाज :
"दुसऱ्या दिवशी. उरलं तर."
मी थांबलो.
"उरायचं कुठं रे," म्हणाला तो.