अकरा छत्र्या

निवेदनाचा पहिला शब्द ठरायलाच साडेनऊ वाजले.
थेसालोनिकी, इतिहास विभाग, दुसरा मजला.
हीटर बंद, तेलाचं बिल ऑगस्टपासून थकलेलं,
म्हणून सगळे ओव्हरकोटात बसलेले,
जणू कुठल्याही क्षणी उठून जातील.
कुणी उठत मात्र नव्हतं.

पोलिक्सेनी म्हणाली, ‘हल्ला’ लिहा.
थ्रासिवुलोस म्हणाला, ‘हिंसक घटना’ बरं.
चौकशी चालू आहे,
आणि हल्ला म्हटलं की हल्लेखोर आले.
ते तर सगळ्यांना माहीत होते.
त्यातले दोघे गेल्या वर्षापर्यंत
याच इमारतीत पहिल्या बाकावर बसायचे.
एकाला मी नऊ दिले होते, दहापैकी.
अक्षर फार सुंदर.

मोतालिब फाटकासमोर छत्र्या विकायचा.
मूळचा सिल्हेटचा.
मंगळवारपर्यंत त्याचं नाव
आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.
आता तेच नाव आम्ही ग्रीक अक्षरांत
तीन तऱ्हांनी लिहिलं
आणि तिन्ही वेळा खोडलं.

मग स्तामातिया, अर्थशास्त्राची,
पगार निम्म्यावर आलेला, बोटं शाईनं माखलेली,
म्हणाली, मूळ कर्जात आहे.
कर्जाचा परिच्छेद आला.
त्याला व्याजाचा जोडून आला.
त्याच्या मागून बंद दवाखाने, बंद दुकाने,
वीज तोडलेली घरं,
सगळं खरं, आकड्यानिशी खरं,
आणि मोतालिब सरकत सरकत
तिसऱ्या पानावर गेला.

मी प्राचीन इतिहासवाला. इतिवृत्त लिहायला बसवलेला.
मलाही राहवलं नाही.
म्हटलं, या देशात एकेकाळी
कर्जाचे दगड शेतांतून उपटून टाकले होते लोकांनी.
वा, म्हणाले. तळटीपेत घ्या.

लुमतुरी दाराशी उभी होती.
जूनपासून तिला कामावरून काढलेलं,
पण किल्ली परत घ्यायला कुणी आलंच नाही,
म्हणून कुलूप अजून तीच लावते.
मी मसुदा मोठ्यानं वाचत होतो:
‘आम्ही, खाली सह्या करणारे...’
‘आम्ही म्हणजे?’ तिनं विचारलं.
‘मला धरून, की मला सोडून?’

कुणीतरी खाकरलं.
थ्रासिवुलोस अगदी अदबीनं म्हणाला,
सही अध्यापकांपुरतीच आहे, बाई.
‘बरं,’ ती म्हणाली. ‘सावकाश चालू द्या.
माझी बस सव्वाअकराची आहे.’

अकराला पाऊस लागला,
समुद्रावरून आडवा येणारा, नोव्हेंबरातला.
नकाशांच्या कपाटाखाली त्या छत्र्या पडल्या होत्या.
त्या संध्याकाळी रखवालदारानं
रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या,
मोजून अकरा. एकीची काडी वाकलेली.
कुणी कुणाकडे न बघता
एकेक उचलली.
मी वाकडी घेतली.
एवढंच माझं मोठेपण.
लुमतुरी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून
बसथांब्याकडे पळाली.

निवेदन छापून आलं.
त्रेचाळीस सह्या.
‘घटना’ राहिली, ‘हिंसक’ गेलं.

शुक्रवारी मी इस्पितळात गेलो.
त्याचा जबडा तारांनी बांधलेला,
एक डोळा अजून मिटलेला.
मी छत्री पलंगाला टेकवली,
निवेदन उशाशी ठेवलं.
निवेदनाकडे त्यानं पाहिलं नाही.
छत्री उघडली, काडी चाचपली,
आणि मला पाच बोटं दाखवली.

मी म्हटलं, पाटीवर तर तीन युरो होते.
त्यानं खिडकीकडे बोट केलं.
बाहेर पाऊस पडत होता.

मी पाच युरो दिले.
त्यानं ते उशीखाली सरकवले,
मग दुसरा हात पुढे केला,
सलाईन लावलेला, तळवा वर,
आणि भुवई उंचावली:
बाकीच्या?