जोडणीचा क्रम

ओउलू बंदरात जानेवारीत
दुपारी तीनलाच काचांना काळोख टेकतो.
मी तिसऱ्यांदा बिल्ड चालवते.
निमूट निम्म्यापर्यंत जातं, मग लिंकर म्हणतो:
तूली सापडली नाही.

सापडेल कशी, अजून बांधायचीय.
क्रम बदलते. तूलीला आधी घेते.
आता म्हणतो: यॅ सापडली नाही.

नावं ताइस्तोची, घरच्या भाषेतली.
यॅ म्हणजे बर्फ, तूली म्हणजे वारा, रेइत्ती म्हणजे वाट.
वाटेला बर्फ विचारावा लागतो, हे कुठल्याही खलाशाला ठाऊक.
बर्फाला वारा लागतो, तोच त्याला ढकलून
एकावर एक चढवतो.
पण वाऱ्याचं बर्फावाचून काय अडतं?

उघडून पाहिलं.
खडबडीत बर्फावरून जाताना वारा अडखळतो,
किती अडखळतो त्याचा तक्ता
ताइस्तोने बर्फाच्या घरात ठेवलेला.

तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना.
मग हा संसार चौदा वर्षं
चालला तरी कसा?

चालला, कारण एका कोपऱ्यात
दोघींच्या जुन्या, तयार प्रती पडून होत्या.
नवी यॅ जुन्या तूलीचा हात धरून उभी राहायची,
नवी तूली जुन्या यॅचा.
पत्ता फाइलीत पक्का कोरलेला:
होम, ताइस्तो, जुनं, हात लावू नका.

तो सर्व्हर सोमवारी पुसला गेला.
गेला काय,
मीच पुसला. यादीवर खूण केली, कॉफी प्यायले.

शुक्रवारी हाल्ला निघायचीय, नाकावर नवं रडार बसवून,
आणि जुनं व्हर्जन त्या रडारशी बोलत नाही.

ताइस्तो हल्ली केमियार्वीला असतो.
सहाव्या रिंगला उचलतो.
मागे झाऱ्याने भोकातला बर्फ काढल्याचा खरखर आवाज.
मी सगळं सांगते. पुसल्याचंही.
तो गप्प राहतो. आमच्याकडे कुणी गप्प राहिलं
म्हणून लाइन तुटली असं धरत नाहीत.
मग: "दोन्ही एकाच हिवाळ्यात लिहिल्या, वुओक्को.
वेगळ्या करायच्या राहून गेल्या."
पुन्हा बराच वेळ काही नाही.
"गळाला काहीतरी लागलंय," म्हणतो, आणि ठेवतो.

रात्री अकरापर्यंत मी उसवत बसले.
वाटलं होतं दोघींचं सगळंच एकमेकींत गुंतलंय.
निघालं एवढंच:
नॉटचे मीटर करणारं एक फंक्शन,
अंशांचे रेडियन करणारं दुसरं,
आणि तो तक्ता, सव्वीस ओळींचा.

ते तिसरीकडे नेलं. नवी लायब्ररी, मूठभर.
तिला कुणाकडेच काही मागायचं नाही.
नाव ठेवलं मित्ता. मित्ता म्हणजे माप.

आता आधी मित्ता, मग तूली, मग यॅ,
शेवटी वाट.
आणि कुणाच्या घराचा पत्ता कुठेच नाही.
प्रत्येकीला सांगितलंय: तू स्वतः जिथे असशील
तिथल्याच फोल्डरात बाकीच्यांना शोध,
जहाज कुठलंही असो.

रिकाम्या मशीनवर, शून्यापासून, चार मिनिटं दहा सेकंद.
गुरुवारी पहाटे हाल्लावरून रौहाचा निरोप:
उघडलं. रडार दिसतंय.
एवढाच. रौहा जास्त लिहीत नाही.

एक सांगायचं राहिलं.
तक्ता उचलताना एकोणिसाव्या ओळीला
बाजूला टीप दिसली:
"आन्नेली म्हणते, हे जास्त आहे. बघू."
कोण आन्नेली, कुणालाच माहीत नाही.
पगाराच्या जुन्या याद्यांत हे नाव नाही,
ताइस्तोला पुन्हा फोन करावासा वाटला नाही.

आकडा मी तसाच ठेवलाय,
चौदा वर्षं जहाजं त्यावरच वाट काढतायत.
टीपही ठेवलीय. फक्त खाली एक ओळ जोडली,
तारीख घालून:
अजून बघितलेलं नाही.