घेणाऱ्याची सही

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आलं,
बालेवाडीत, नवव्या मजल्यावर,
जिथे पोस्टमनला कुणी ओळखत नाही.
सिक्युरिटीने उलटंपालटं करून पाहिलं
आणि माझ्याकडे धाडलं.

एकनाथ सावळाराम खिलारे, बोपोडी.
निवृत्त स्टोअरकीपर, दारूगोळा कारखाना, खडकी.
अक्षर पट्टी धरून लिहिल्यासारखं:
आपलं पावलं मोजायचं ॲप मुलाने फोनमध्ये घालून दिलं,
त्याला चार वर्षं झाली.
आपल्याकडे माझं काय काय जमा आहे
त्याची यादी पाठवावी.
मोघम नको.

मोघम आम्हाला फार सुंदर जमतं.
'आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून'
हे मी झोपेतही टाईप करू शकते.
पण मागितलं तर द्यायचं, असा नियम आहे.
मी काढत गेले. दोनशे चौदा पानं.
प्रिंटरने मध्येच मान टाकली.

पहाटे चार चाळीसला उठतात.
रात्रीतून तीनदा बारा पावलं जाणं, बारा येणं.
मार्चपासून डावं पाऊल आखूड पडतंय,
मुलाला हे ठाऊक नसेल,
विमा कंपनीला आहे.
(विकलं म्हणायचं नाही. भागीदाराशी शेअर केलं.)
दर मंगळवारी होळकर पुलावर
अकरा मिनिटं उभे.
मशीनने पुढे लिहिलंय, कारण अज्ञात.
संभाव्य आवड, मासेमारी.

पंधरा दिवसांनी गठ्ठा परत आला,
तांबड्या पेन्सिलीने तपासलेला.
पान सदतीस: चप्पल बदलली होती, पाय नव्हे.
पान नव्वद: मासेमारी? गळ्यात माळ आहे माझ्या.
पुलाच्या बाकी ओळींवर काहीच नाही,
फक्त पेन्सिल टेकवून उचलल्याचा ठिपका.

आणि शेवटी हे:
बत्तीस वर्षं भांडार सांभाळलं.
एक खिळा बाहेर गेला तरी व्हाउचर फाटायचं.
काय, किती, कशासाठी.
देणाऱ्याची सही. घेणाऱ्याची सही.
आपण माझ्या भांडारातून दोनशे चौदा पानं माल उचललात.
व्हाउचर तीन प्रतींत जोडलं आहे.
देणाऱ्याच्या जागी मी सही केलेली नाही,
कारण मी दिलेलं नाही.
घेणाऱ्याच्या जागी कुणीतरी करावी.

कुणीतरी.
लीगलचे सोनवलकर खूप हसले, म्हणाले फ्रेम कर.
ऋत्विज म्हणाला, अगं घेत कोणीच नाही, ते येतं,
उतारावरून पाणी यावं तसं.
उतार कुणी काढला, हे मी विचारलं नाही,
कारण त्या नकाशावर माझंही नाव आहे,
खालून तिसरं.

'कशासाठी'च्या रकान्यात
मी 'आपला अनुभव' एवढं लिहिलं
आणि खोडलं.
तिन्ही प्रतींवर खोडावं लागलं, कार्बन होता.
रकाना तसाच ठेवून खाली सही केली,
पूर्ण नाव, वाचता येईल असं: ऊर्जिता दिनकर भालेघरे.
सही करताना हात शाळेतल्यासारखा सावकाश चालला.
दोन प्रती पोस्टात टाकल्या, एक ठेवली.
नोकरीचं काय होईल ते होईल,
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मंगळवारी विश्रांतवाडीला घरी जाताना
होळकर पुलाच्या कडेला गाडी लावली.
खिलारे दिसतात का, पाहिलं नाही.
पाहायचं नाही असं ठरवूनच उतरले होते.
मुळेत जलपर्णी, हिरवीगार, शेत असल्याचा आव आणणारी.
एक बगळा तिच्यावरून चालत गेला
आणि बुडाला नाही.
मी उभी राहिले. किती वेळ ते मोजलं नाही,
का ते सांगणार नाही.

खिशात फोन थरथरला:
बराच वेळ थांबलात!
जवळच मिसळ, वीस टक्के सूट.
गळ आणि दोरी, घरपोच.

फोन डिकीत टाकला, झाकण लावलं.
आत तो
मोजत होता.