पान एकेचाळीस

आधी दुकानाला पडदा होता.
रसायनशास्त्राचं सव्वाआठशेचं पुस्तक
काचेवर पालथं घालायचो,
पोरं दाराकडं बघत उभी.
चोरीच्या वेळी मशीन जरा जास्तच ओरडतं.

मग डोईफोडे मॅडम पेन ड्राइव्ह घेऊन आल्या.
तीन उन्हाळे बसून लिहिलेलं.
"खदीरभाई, पहिलं पान आधी वाचा."
वाचलं :
कुणीही छापा, वाटा. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

त्या पडद्यानं आता काच पुसतो.
कागद-शाईचे एकशे दहा.
इसादची प्रयागा तेही दोन हप्त्यांत देते,
मी लिहून ठेवत नाही.

मी बारावी नापास.
पण पानं जुळवताना नजर जातेच.
एकेचाळीसवर गंगाखेडच्या बोअरचं पाणी
'सुफेन' छापलेलं.
सुफेन?
मॅडम, वीस वर्षं अंगाला साबण घासतोय,
फेस कसला, नासलेलं दूध होतं नुसतं.

त्या हसल्या नाहीत. वही काढली.

या जूनच्या प्रतीत, शेवटी, बारीक अक्षरात :
दुरुस्ती, पान ४१ – खदीर पठाण, झेरॉक्स.

त्या पानाची एक कॉपी जास्तीची काढली.
रुपया गल्ल्यात टाकला,
माझ्याच खिशातला.