दम

दर रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याशी
श्रीरंग मनगटावरचं घड्याळ सुरू करायचा.
"चला, बोलिव्हियाची तयारी."
ओजस दोन-दोन पायऱ्या गिळत वर,
निरजा माझ्या ओढणीचं टोक धरून मागे,
खिशात निळा पंप,
साठाव्या पायरीवर बसून
मुंग्यांची विचारपूस करत.
वरून हाक यायची,
"अशी चालशील तर ला पाझला काय करशील?"

याला आमच्याकडे दम देणं म्हणतात,
आणि तिला होतं त्याला दमा.
एका कान्याचा तर फरक.

शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी
तिच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं.
मग म्हणाले, कळसूबाईच्या डोक्यावर
आणखी एक कळसूबाई ठेवा,
तरी ते गाव वर उरतं.
न्या तिला. फक्त पळवू नका.

सातपूरच्या कंपनीचे चार बोनस,
माझ्या गणिताच्या शिकवण्या,
घरात कुणाला न सांगितलेली एक भिशी.
तीन विमानं. मधल्या रात्री किती
ते अजून आमचं एकमत नाही.

उतरल्यावर पिशवी उघडली तर
मेन रोडवरून घेतलेल्या चिवड्याची पाकिटं
टम्म फुगलेली, आता फुटतील की मग.
निरजा म्हणाली, यांना मानवली इथली हवा.

आणि दोन मॅरेथॉन पळालेला श्रीरंग
दोन्या हुस्तिनाच्या घराच्या अकराव्या पायरीवर
मटकन खाली बसला.
ओठ जांभळाच्या रंगाचे.
घड्याळ छातीचे ठोके दाखवत होतं,
त्यानंच ते काढून माझ्याकडे दिलं.
ओजस आत बादली धरून.
म्हातारीनं कसल्या तरी पाल्याचा काढा आणला,
त्याच्या पाठीवरून हात फिरवत
एकच शब्द म्हणत राहिली, पुन्हा पुन्हा.
आम्हाला कळेना.
निरजा म्हणाली, ती म्हणतेय, दमानं.

दोन दिवस शहर आम्हा दोघींचं.
डोक्यावरून जाणाऱ्या पाळण्यांतून
खाली विटांच्या घरांचा सडा,
शेजारी काळी टोपी घातलेली बाई,
मांडीवर कोंबडी, दोघीही शांत.
बाजारात बटाटे जांभळे, काळे,
काही आल्यासारखे वेडेवाकडे.
टोमॅटोच्या ढिगापाशी मी थांबले,
पिंपळगावच्या क्रेटांचा वास आला एकदम.
"आई, टोमॅटो मूळचे इकडचेच. पुस्तकात आहे."
मग एवढ्या लांब आले कसे गं?
तिनं जरा विचार केला.
"दमानं आले असतील."

संध्याकाळी खिचडी लावली.
तिथे पाणी लवकर उकळतं
पण शिजवत काही नाही.
तासभर रटरटूनही डाळ दाताखाली कचकच.
उतावळं पाणी, म्हटलं मी,
आणि पलंगाकडे पाहिलं.
श्रीरंग हसला, तर त्याला खोकला आला.

तिसऱ्या दिवशी तो उठला.
चढाच्या गल्लीत निरजा पुढे,
दहा पावलं, थांब. दहा पावलं, थांब.
थांबायचं कसं हे आमच्या घरात
तिला एकटीलाच येत होतं.

आता परत रविवार, परत पांडवलेणी.
नाही, माणूस असा बदलत नाही;
घड्याळ आहेच मनगटावर,
पहिल्या वीस पायऱ्या तो सपासप जातो.
साठाव्या पायरीशी मात्र
बुटाची नाडी सुटते त्याची,
दर वेळी तिथेच.
निरजा शेजारी बसते. दोघं काही बोलत नाहीत.
मी खाली मिसळीच्या टेबलासाठी घाई करते,
म्हणजे आता मीच.

चिवड्याचं एक पाकीट फोडायचं राहिलं होतं.
ओझरच्या विमानतळावर पाहिलं
तर पोट आत गेलेलं, मुकाट.
ती ते फोडू देत नाही.
फडताळात, पंपाच्या शेजारी ठेवलंय.
शाळेत जाताना हलकेच दाबून बघते.
म्हणते, आतली हवा नाशिकचीच आहे,
पण ती जाऊन आलीय.